बुडालेल्या गावाची गाडी

“सही केली ना बाप्पा, आता बोलता येत नाही!” असं म्हणून ते ओठांवर बोट ठेवायचे. देऊळगाव राजाच्या स्टँडवर तुम्ही कधी ताटकळला असाल, तर हा माणूस तुम्हीही पाहिला असणार. एसटीत कंट्रोलर, आणि दोन छापील कादंबऱ्यांचे लेखक.

तिसरी कादंबरी ते स्टँडवरच सांगायचे. धरणात बुडालेल्या आपल्या गावाची गाडी रोज येऊन विचारणाऱ्या एका बाईची. ऐकता ऐकता लोकांच्या गाड्या चुकायच्या. शेवट जवळ आला की हे “चला, जालना लागली!” म्हणून उठायचे. शेवट त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता.

लोणारचं सरोवर पाहायला निघालेल्या, हॉलिवूडच्या एका कंपनीतल्या बाईंनी ती गोष्ट ऐकली, आणि मुंबईहून इंग्रजीत करार आला. कंपनी सिनेमा काढणार, पटकथा हे लिहिणार! माझं झेरॉक्सचं दुकान स्टँडसमोर. पेन बालाजीच्या पायाला लावून त्यांनी माझ्या काउंटरवर पानापानावर सही केली. एक प्रत कंपनीला गेली. दुसरी मी लॅमिनेट करून दिली. आपल्याकडे जपायचं ते लॅमिनेट करतातच.

“काय लिवलं हाय बे यात?” त्यांनी विचारलं. मला कुठून दुर्बुद्धी सुचली! म्हणालो, “साहेब, गोष्ट आता कंपनीची. तोंडातून काढली तरी नोटीस येईल. घरात गोष्टीचा कागदही ठेवायचा नाही.”

मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी लिहून ठेवलेलं कादंबरीचं हस्तलिखित आणि त्याची झेरॉक्स, दोन्ही त्यांनी कंपनीला पाठवून दिलं.

“अहो, चेष्टा केली मी!” मी हात जोडून सांगितलं.

“आता काऊन शब्द फिरवतं? सही केली ना बाप्पा!”

पटकथा लिहा म्हणून फोन यायचा होता, तो आला नाही. त्या बाई नोकरी सोडून गेल्या, आणि हस्तलिखिताचं कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हतं. हे रिटायर झाले. तरी रोज स्टँडच्या बाकावर येऊन बसायचे, गप्प. हळूहळू गोष्ट सांगा म्हणणारेही थांबले. त्या बाकाकडे पाहायची मला लाज वाटायची.

मागच्या महिन्यात ते गेले. परवा त्यांच्या पत्नी, काकू, कराराची ती लॅमिनेट केलेली पानं घेऊन दुकानात आल्या.

“भाऊ, तुमाले इंग्रजी वाचता येते. थे गोष्टीतली बाई गावाले पोचली का, तेवढं सांगा मले.”

मी सगळी पानं उलटली. प्रत्येक पानाखाली त्यांची सही होती.

“काकू, याच्यात नाही ते.”

“मंग कशात हाय?” काकूंनी विचारलं.