नवनाथने जोडलेला कम्प्युटर

सत्त्याण्णव साली आमच्या मिरजगावच्या नवनाथने नगरहून एकेक जुना पार्ट आणून कम्प्युटर जोडला, तो गाड्यांच्या शर्यती खेळायला. पण सुख बघवतंय कुणाला! वडिलांनी, कोंडीरामअण्णांनी, गेम पुसायला लावून त्यात पत्रिकेचा प्रोग्राम भरायला लावला आणि दारावर पाटी ठोकली: कम्प्युटरवर पत्रिका जुळवून मिळेल.

गावातल्याच सुलभावर नवनाथचं मन बसलं होतं. तिच्या वडिलांसमोर त्याने दोघांची पत्रिका टाकली. जुळली नाही.

"जन्मवेळ बदल की, गाढवा," मी त्याच्या कानात म्हटलं.

"मशीन पोटच्या पोराचीबी भीड धरीत न्हाई," अण्णा अभिमानाने म्हणाले.

पुढच्या महिन्यात सुलभाचे वडील दुसऱ्या मुलाची पत्रिका घेऊन आले. ती जुळली. नवनाथनेच छापून दिली, दोन्ही घरांना एकेक.