घरात मार्बल आहे

निर्धन हा शब्द मी सत्तरी ओलांडल्यावर शिकलो. त्याआधी कानावर पडला नसेल असं नाही, पण तो माझ्यासाठी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

पंचवटीत मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. एका सकाळी बायको मोरीतून ओल्या पायांनी बाहेर आली आणि घसरली. खुब्याचं हाड मोडलं. आधी सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे ऑपरेशनचा नंबर फार लांबचा लागला. मग कोणी सांगितलं, ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात थोड्या खाटा गरिबांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तिकडे जा. तिथल्या डॉक्टरने एक्सरे उजेडाला धरला आणि म्हणाला, "ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. जेवढे दिवस घालवाल तेवढं त्यांचं चालणं अवघड." एवढं साधं होतं ते. मी किती लवकर धावतो, त्यावर तिचे पाय होते.

डॉक्टरच्या खोलीबाहेर एक बाई टेबल टाकून बसायच्या. गरिबांचे कागद त्यांच्याकडे. त्यांनी एक अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"आजोबा, इथे लिहा, मी निर्धन आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्याकडे काही नाही."

"घर आहे ना माझं. माझ्या हाताने बांधलेलं."

"तसं नाही हो. दोनच रकाने आहेत, निर्धन आणि दुर्बल. निर्धनला सगळं फुकट. दुर्बलला निम्मं भरावं लागतं."

"मग दुर्बल लिहा."

"निम्मं भराल?"

मी अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "तिसरा रकाना नाही का?"

"तिसरा कोणता पाहिजे तुम्हाला?"

"मिस्त्री."

त्या हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, पण हसल्या. मी अर्ज तिथेच ठेवला, बायकोला रिक्षात घातलं आणि घरी आणलं. त्यानंतर बारा दिवस मी त्या दवाखान्याकडे फिरकलो नाही. हे बारा दिवस मी लपवणार नाही. ती पडून होती आणि मी तिला सांगत होतो की बघतो, दुसरीकडे बघतो. दुसरीकडे काही नव्हतं.

मी फरशी बसवणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं थापी आणि दोरीवर शिकलो. इंदिरानगरात बंगले उठायला लागले तेव्हापासून तिथल्या घरांत माझा हात आहे. आधी शहाबादी, मग कोटा, मग मार्बल, शेवटी त्या आरशासारख्या टाइल्स. मोठमोठ्या लोकांचे पाय मी बसवलेल्या फरशीवरून फिरतात, हे मला आतून फार सुखाचं वाटायचं. त्यांच्या हॉलमध्ये दिवसभर बसून बसून मला वाटायला लागलं की मीही थोडा त्यांच्यातलाच. तसं नव्हतं. फरशी सुकली की मला बाहेरच्या नळावर पाय धुवायला सांगायचे आणि मागच्या दाराने चहा द्यायचे.

एकदा एका बंगल्यात माझं काम चालू असताना तेव्हाचे एक पुढारी आले. मालकाने रस्त्याचा विषय काढला. पुढाऱ्याने तिथूनच फोन लावला. बोलता बोलता त्यांचा पाय मी नुकत्याच बसवलेल्या फरशीवर पडला. मी म्हणालो, "साहेब, ओलं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मालकाला विचारलं, "किती दिवसांत होईल हे?" मालकालाही ठाऊक नव्हतं, मग मालकाने मला विचारलं, मी मालकाला सांगितलं आणि मालकाने पुढाऱ्याला. तिघं एकाच खोलीत होतो. रस्ता आठ दिवसांत झाला. आमच्या गल्लीतलं गटार तेव्हाही वाहत होतं, पण मला राग गटाराचा आला नाही. मला वाटलं, बोलायचं कसं हे ह्या लोकांना कळतं, आमच्या गल्लीतल्यांना नाही कळत. मत देताना मी बंगलेवाले कोणाला देतात ते कान देऊन ऐकायचो आणि त्यालाच द्यायचो.

रेशनकार्डाचंही तेच. कार्डं नवी करून देत होते तेव्हा मी रांगेत उभा होतो. पुढचे सगळे कमाई कमी सांगत होते. कारकुनाने मान वर न करता मला विचारलं, "गरीब ना?" असा विचारला त्याने तो शब्द, की मी टेबलावर हात ठेवून म्हणालो, "गरीब नाही. मिस्त्री." आणि सगळ्यात भरभराटीच्या महिन्याची कमाई वर्षभराची म्हणून सांगून टाकली. मला पांढरं कार्ड मिळालं. पांढरं म्हणजे वरच्यांचं. दुकानात त्यावर गहू मिळत नाही, तांदूळ मिळत नाही, काही मिळत नाही. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवलं. गल्लीत सगळ्यांची कार्डं पिवळी नाहीतर केशरी. त्यांना मी 'पिवळेवाले' म्हणायचो, तोंडावर म्हणायचो. ते मला 'पांढरेशेठ' म्हणायचे. मला ते आवडायचं.

बारा दिवसांनी शेजारीण आली. ती इंदिरानगरात चार घरची धुणीभांडी करते, कार्ड पिवळं. दारातूनच तिने तोंड सोडलं.

"भाऊजी, आमच्या ताईला अशीच सडवणार हाय का तुम्ही?"

"बघतोय मी."

"काय बघताय? तुमची इज्जत घेऊन ती चालणार हाय का? म्हणा ना गरीब. आम्ही रोज म्हणतो, आमची जीभ झडली नाय अजून."

बायको आतून म्हणाली, "राहू दे ग. त्यांना लय जड जातं ते." एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी गेलो आणि अर्जावर निर्धन लिहिलं. 'र्ध' कसा काढायचा ते बाईंनी दाखवलं.

पण लिहून भागत नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुमचं कार्ड पांढरं. पांढऱ्या कार्डावर मी निर्धन कशी दाखवू? तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा." दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि अहवालासाठी घर बघायला माणूस येतो.

तो आला. तरुण पोरगा, हातात हेल्मेट. दारात आला आणि त्याने आपणहून बूट काढले. खाली बघून म्हणाला, "अरे वा! मार्बल!"

आता हे लिहिताना माझे कान तापतात. आमच्या घरातली फरशी म्हणजे काय, तर तुकडे. एकेका बंगल्याचं काम संपलं की कोपऱ्यात वीत-दोन वीत तुकडे उरायचे, टाकून द्यायचे. मालकाला विचारून मी ते सायकलला पिशवी लावून आणायचो. पांढरे, हिरवे, गुलाबी शिरांचे. सगळं घर भरायला अकरा वर्षं गेली. पॉलिशही मीच केलं, हाताने, दगड घासून घासून. त्या फरशीवरूनच बायको घसरली होती, आणि तरी तो पोरगा "अरे वा" म्हणाला तेव्हा माझी छाती फुगली. कित्येक वर्षांत माझं काम कोणी पाहिलं नव्हतं. मी त्याला वाकायला लावलं. "सांध्यावर नख फिरवा," म्हणालो, "अडकतंय का बघा." त्याने फिरवलं. नाही अडकलं. "असलं काम आता होत नाही," मी म्हणालो. "इंदिरानगरात पण नाही सापडायचं." तो म्हणाला, "खरंय बाबा." बायको आत कण्हत होती आणि मी त्याला हिरवा तुकडा कोणत्या बंगल्यातला ते सांगत होतो.

अहवालात त्याने लिहिलं: पक्के घर, मार्बल फरशी, पांढरी शिधापत्रिका. दाखला नाकारला.

त्याचं काही चुकलं नाही. जे मी दाखवलं ते त्याने लिहिलं.

तहसील कचेरीत साहेबाच्या हातापाया पडलो. हो, पडलो, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान माणसाच्या. तो म्हणाला, पुन्हा अर्ज करा, पुन्हा माणूस येईल. मी तिथेच दुसरा अर्ज दिला आणि घरी आलो. माझ्याने आता उकिडवं बसवत नाही, गुडघे कामाने खाल्ले. पाट घेतला, त्यावर पाय लांब करून बसलो, छन्नी लावली आणि दारापासून सुरुवात केली.

बायकोने आतून हाक मारली. "अहो, काय फोडताय?"

"काही नाही."

"फरशी फोडताय?"

मी हातोडा मारत राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तो गुलाबी तरी ठेवा. फळीखालचा."

"एक जरी दिसला तरी लिहील तो."

ती रडत होती की नाही मला ठाऊक नाही, मी आत गेलो नाही. दोन दिवस लागले. चांगलं बसवलेलं काम सहज निघत नाही, एकेक तुकडा चार-चार घाव मागत होता. शेजारीण येऊन उभी राहिली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "झालं, पांढरेशेठ. आता शोभताय आमच्यातले." टोमणा मारायला आली होती, पण बसली आणि घमेलं भरून चुरा बाहेर टाकायला लागली. सगळा टाकून व्हायच्या आत तिची कामावर जायची वेळ झाली.

मी माणसाची वाट बघत बसलो. आठ दिवस कोणी आलं नाही.

आला तो पक्षाचा कार्यकर्ता. महापालिकेची निवडणूक येऊ घातली होती, याद्या घेऊन फिरत होता. "मिस्त्रीबाबा, एवढा खड्डा कसला?" मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि माझ्यासमोर फोन लावला. "भाऊ, एक दाखला अडकलाय. म्हातारा आपलाच आहे." फोन ठेवून मला म्हणाला, "झालं समजा. रविवारी मेळाव्याला तेवढं येऊन बसायचं. लाभार्थ्यांच्या बाजूला."

"आणि घर बघायला?"

"कोण?"

"तलाठ्याचा माणूस. फरशी बघायला."

"कशाला बघतोय तो? भाऊंनी सांगितलं ना."

दोन दिवसांत दाखला हातात आला. कोणी पाहायला आलं नाही. फरशी होती तशी राहिली असती तरी तो दाखला तसाच आला असता.

रविवारी गेलो. हॉलमध्ये पुढे सोफे, मागे दोरी बांधलेली, दोरीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. सोफ्यांवर डॉक्टर, वकील, बिल्डर. त्यातल्या एकाच्या हॉलची फरशी माझी होती. त्याने मागे वळून आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली. सोफ्यावरच्यांना माईक दिला. ते बागेबद्दल बोलले, पार्किंगबद्दल बोलले, त्यांना तिथल्या तिथे उत्तरं मिळाली, एक जण तर भांडलासुद्धा. आमच्याकडे माईक आला नाही. आमच्याबद्दल मात्र सगळे बोलले. गोरगरीब, तळागाळातले. मग नाव पुकारून एकेकाला वर बोलावलं. मी गेलो, फोटोसाठी दाखला पुन्हा एकदा भाऊंच्या हातातून घेतला आणि त्यांनी सांगितलं तसं कॅमेऱ्याकडे बघितलं. गल्लीतल्या सगळ्या पिवळेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. ते माझ्यावर हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन झालं. एक पैसा लागला नाही. डॉक्टर म्हणाला, "फार उशिरा आणलंत. बसतील. चालण्याचं मी आज काही सांगत नाही." मला वाटलं तो बारा दिवस मोजतोय. मोजत नव्हता, उशिरातले ते बारा दिवस माझ्या हट्टाचे होते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

बायको शुद्धीवर आली. तिच्या खाटेच्या डोक्याशी पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं. मी पाठ करून उभा राहिलो, तिला दिसू नये म्हणून. ती सातवी शिकलेली आहे, माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त.

"सरका बघू," ती म्हणाली. मी सरकलो. तिने मान वळवून वाचलं. "निर्धन. बरोबर लिहिलाय तो र्ध. पाणी द्या आता."

चार दिवसांनी व्यायाम घेणारी मुलगी आली. तिने बायकोला वॉकर धरून उभं केलं. बायको उभी राहिली, पाऊल उचलायला गेली, उचललं नाही. परत बसवली. मुलगी म्हणाली, "होईल हळूहळू. घरी रोज उभं राहायचं, रोज एक पाऊल टाकून बघायचं. आजोबा, घरी जमीन कशी आहे? वॉकरला सपाट लागते. खड्डे असतील आणि पुन्हा पडल्या, तर मग काही करता येणार नाही."

मी वॉकर उचलून भिंतीला लावून ठेवला.

"छान आहे," बायको म्हणाली. "मार्बल आहे घरात. ह्यांनीच बसवलंय."

"मग काय प्रश्नच नाही," मुलगी म्हणाली आणि तिने वहीत तसं लिहून घेतलं.

परवा सोडणार आहेत. मी घरी येऊन दारात उभा राहिलो. निम्मा चुरा अजून आत आहे, खाली नुसती खडबडीत खडी. थापी सापडली, दोरी सापडली. पाटावर बसून फोडता येतं, बसवता येत नाही. बसवायला उकिडवं सरकावं लागतं, इंच इंच, मागे मागे. एकदा प्रयत्न केला. खाली गेलो तो भिंत धरूनही उठवेना. शेजारणीला हाक मारली, ती अजून इंदिरानगरातून आली नव्हती. तसाच बसून हाताने खडी सारखी करत राहिलो.