सगळ्यायचं रक्त घ्या

नार्नूरच्या उत्तमरावांची राही धावायला लागली की रस्त्यावरच्या सायकलवाल्यांना पायडल जोरात मारावं लागे. बाप वांगी-टमाटे पिकवायचा, माय सोजरबाई ते बाजारात विकायची, आणि ही पोरगी पाच हजार मीटरमध्ये आधी जिल्ह्यात, मग राज्यात पहिली येत हैदराबादच्या शिबिरात पोचली. सत्त्याण्णवच्या राष्ट्रीय स्पर्धेला तीच जाणार, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी शिबिरात पहिल्यांदाच मुलींचं रक्त तपासलं. तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन घेतलं की दम टिकतो, अशी कुजबुज होती. ते औषध लघवीत सापडत नव्हतं, म्हणून रक्त दाट निघालं की संशय घ्यायचा, एवढाच उपाय. राहीचं रक्त ठरवलेल्या मर्यादेपेक्षा दाट निघालं. निवड समितीनं तिच्यावर बंदी घातली आणि प्रशिक्षक नागोरावांनी तिला सामान बांधायला सांगितलं.

"सर, मी सुई घेतली नाई."

"रक्त खोटं बोलत नाही, राही."

"मंग त्याले नीट इचारा तरी! एकदा पाह्यलं अन् हाकलून दिलं?"

राही घरी आली. बातमी तिच्या आधीच बाजारात पोचली होती. भाजी घेता घेता बाया सोजरबाईला विचारायच्या, "पोरगी दवा खाऊन पळते म्हनतात, खरं काय वं?" सोजरबाई रागानं भाजी परत टोपलीत टाकायची. राहीनं मात्र तोंड लपवलं नाही. ऐन बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, ती उटनूरच्या रस्त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धावत निघाली.

धावत गेली ती थेट डॉक्टर भगवानरावांच्या दवाखान्यात. हैदराबादेत रक्ताच्या आजारांवर पुष्कळ वर्षं काम करून ते उटनूरला येऊन राहिले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जिचं रक्त मुळात पातळ, ती औषध घेऊनही मर्यादेच्या आत राहिली तर सुटते. तुझं मुळातच दाट असेल, तर तू न घेता अडकतेस. तुझी तुलना तुझ्याशीच करायला हवी. औषध घेणाऱ्याचं रक्त स्पर्धेआधी चढतं, बंद केलं की उतरतं. पण त्यासाठी वर्षभर पाहावं लागेल, आणि रक्त कधी घेणार ते मी आधी सांगणार नाही."

"तुमी अर्ध्या जेवनावरून उठवा, डॉक्टरसाहेब. हात पुढंच हाये."

उन्हाळ्यात, पावसात, दौडीनंतर, तापातून उठल्यावर, डॉक्टरांनी निरोप धाडला की राही हजर. रक्त तेच, तसंच दाट. सोजरबाईचंही तपासलं, तर तिचंही दाट. अंगातच होतं ते, मायकडून आलेलं.

मधेच एकदा नागोराव घरी आले. चहा घेऊन म्हणाले, "चुकून औषध घेतलं असं लिहून दे. मी शब्द टाकतो, सहा महिन्यांत परत घेतील."

उत्तमराव थकले होते. "देऊन टाक ना बाई लिहून. कायले भांडत बसतं?"

"बा, जे केलं नाई त्याची माफी काऊन मागू? सर, तुमी माफी मागायले आले असाल, तर आनखी चहा टाकते."

नागोरावांनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.

वर्ष संपल्यावर राही डॉक्टरांना घेऊन हैदराबादला समितीपुढे गेली. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याच गावाकडचा डॉक्टर. भरवसा कसा ठेवायचा?"

राहीनं बाही वर केली. "ठेवू नका. डॉक्टर तुमचा, सुई तुमची, खोली तुमची. मले इथंच ठेवा, पायजे तितके दिवस."

त्यांनी ठेवलं. चार महिने त्यांच्याच माणसांनी हवं तेव्हा रक्त काढलं. भगवानरावांकडे निघालं तेच तिथंही निघालं. बंदी उठली. चुकलो, असं मात्र एकही माणूस म्हणाला नाही. हुकलेली स्पर्धा तर गेलीच होती. तिचं दुःख राहीनं मायजवळ एकदाच रडून मोकळं केलं.

पुढच्या निवड शर्यतीला मैदानात रक्त घेणारा माणूस आला आणि सरळ राहीकडे वळला. बाकीच्या मुली पायातले बूट आवळत होत्या.

राही आखलेल्या रेघेवर मांडी घालून बसली. "पहिले माया हात घ्या. मंग सगळ्यायचं रक्त घ्या, आज बी अन् पुढच्या महिन्यात बी. तवरक मी इथून हलत नाई."

नागोराव धावत आले, दटावू लागले. ती उठली नाही. अध्यक्ष आले, तरी ती उठली नाही. ऊन चढलं. मग एक मुलगी पुढं होऊन म्हणाली, "माझं घ्या." तिच्यामागं दुसरी आली. रांग लागली. तिघीजणी मात्र पोटात दुखतं म्हणून पिशव्या उचलून फाटकाबाहेर गेल्या, आणि नागोराव त्यांच्यामागं हाका मारत.

शर्यत दुपारी सुरू झाली. राही दुसरी आली. पहिली आलेल्या मुलीनंही रांगेत उभं राहून रक्त दिलं होतं, म्हणून राहीनं तिला मनापासून मिठी मारली.