डोळ्यातली माशी

"दीदी, वो मक्खी उड़ी कि नहीं?"

सेठनं सगळ्यांसमोर विचारलं आणि अंजनीचा अंगठा कटिंग मशीनच्या बटणावरून निसटला. गढा वस्तीतल्या त्या सलवार-सूटच्या कारखान्यात बावीस माणसं होती. दोघं-तिघं वर पंख्याकडं बघून उगाच हसले. अंजनी हसली नाही. माशी तिच्या डाव्या डोळ्यात होती, आणि ती तिथं बसली आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. विनताला.

"कल से सचिन काटेगा," सेठ म्हणाला. "आप फिनिशिंग में बैठिए, धागे काटिए. आराम का काम है, दीदी."

दीदी! माणसाला उठवून लावताना नातं जोडायची यांची जुनी खोड.

अंजनीनं अकरा वर्षं ते टेबल सांभाळलं होतं. पहिल्या दिवशी कटिंग मास्टर म्हणाला होता, "औरत के हाथ में मशीन? जाओ, रोटी बेलो." तिनं कापडाचे चाळीस थर लावले, खडूनं आखले, सरसर कापले, आणि आपल्या गळ्यातली टेप काढून त्याच्या गळ्यात टाकली. "नाप लो, मास्टरजी." त्यानं मापलं. वर्षभरात टेबल तिचं झालं.

विनता त्याच कारखान्यात चेकिंगला. कापलेला प्रत्येक पीस शिलाईला जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. दुपारी दोघी जिन्यात डबा उघडायच्या. विनताच्या नवऱ्याची चौकीदारी सुटली आणि तो घरात बसून तिच्या फोडणीत चुका काढू लागला, ते अंजनीनं त्या जिन्यात ऐकलं. अंजनीच्या लेकीचं, सलोनीचं, बाळंतपण अडलं तेव्हा विनता तीन दिवस इस्पितळात बसून होती. म्हणूनच डॉक्टर म्हणाला, साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, इंजेक्शनं घ्यावी लागतील, तेव्हा अंजनी ते नवऱ्याला न सांगता विनताला म्हणाली होती, "डोळ्यात माशी बसून राहिली आहे गं. हाकलली तरी जात नाही."

आता ती जिन्यात गेली. विनता डबा न उघडता बसली होती.

"तूच सांगितलंस?"

"मीच."

"काहून? पगार वाढवून राहिला का तो तुझा?"

"तोंड सांभाळ, अंजे. मंगळवारी पातं तुझ्या बोटांपासून दोन सूत होतं. तुले दिसलं तरी का?"

"बोटं माझी आहेत."

"आणि बाह्या? तीन महिने झाले, तुझी डावी कड वाकडी जाऊन राहिली आहे. एक वाकडा पीस सेठच्या हाती लागू दिला नाही मी. रिकाम्या डब्यात कोंबून घरी नेले."

"खोटं."

"खोटं? मग तुझी नात कशावर झोपते, ते जाऊन बघ."

अंजनीचा हात उठला होता. तो तिनं भिंतीवर मारला. "मला सांगता येत नव्हतं? मला! जिन्यात बसून माझंच वरण खात होतीस ना रोज?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? टेप गळ्यात टाकली असतीस माझ्या."

"आणि माशी? माशी काहून दिलीस त्याला?"

"निघून गेलं तोंडातून," विनता म्हणाली.

घरी नात गोधडीवर पाय झाडत पडली होती. बारशाला विनतानंच शिवून दिलेली. साऱ्या मदन महल मोहल्ल्यात अंजनी ती मिरवून आली होती, माझ्या मैत्रिणीचा हात बघा म्हणून. आता तिनं पोरीला सलोनीच्या मांडीवर दिलं, गोधडी उजेडात धरली आणि उजवा डोळा जवळ नेला. आंबा रंगाची बुट्टी, राखी चौकडी, मेंदी लहरिया. तिनंच कापलेले सारे माल. विनतानं तुकडे उलटसुलट जोडून झाकायला बघितलं होतं, पण कापणारीपासून काय झाकतेस, बाई? प्रत्येक बाहीची डावी कड लाटेसारखी गेलेली. एकोणीस होत्या. कुणी एकोणीस वेळा थोबाडीत मारावी तसं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोधडी घडी करून पिशवीत घातली आणि कामावर नेली.

सेठच्या कापडाची चिंधी बाहेर नेली तरी तिथं चोरी. मागं एका बाईला पट्टीभर लेससाठी त्यानं हाकललं होतं. गोधडी टेबलावर पसरायची खोटी होती, विनता दुपारच्या आत रस्त्यावर आली असती. विनतानं पिशवीतून डोकावणारा लहरिया पाहिला आणि तिच्या हातातला खडू मोडला.

अंजनी सरळ सेठपुढं उभी राहिली. "इंजेक्शनं घेऊन येईन. डोळा सुधारला की टेबल माझं. लिहून द्या."

"लिखना-विखना क्या, दीदी. देखेंगे."

"मेरी आँख में मक्खी है, भैया. आपकी में क्या है? ग्यारह साल में मेरे नाम का एक कागज़ नहीं दिखा आपको?"

कारखान्यातली यंत्रं थांबली. सेठ लाल झाला, आणि त्याची नजर पिशवीवर गेली. "थैले में क्या है?"

विनतानं डोळे मिटले.

"नातीची लंगोटी आहे," अंजनी मराठीतच म्हणाली. "घाण झालेली. बघता?"

सेठनं नाक मुरडून पाठ फिरवली.

मग ती चेकिंगच्या टेबलाशी गेली आणि पिशवी विनताच्या पायाशी आदळली. "घेऊन जा तुझी. माझी नात नाही झोपणार यावर."

"अंजे..."

"तुझ्यासाठी केलं नाही मी. त्याला आणखी एक बाई हाकलायला मिळू नये म्हणून केलं. समजून घे."

धागे कापायची कैची घेऊन ती फिनिशिंगच्या बाकाकडं वळली. त्या बाकावर बसायचं म्हणजे चेकिंगच्या शेजारीच. विनतानं आपल्या उजवीकडं जागा करून दिली.

"सरकू नको," अंजनी म्हणाली. मग तिनं दोन्ही बाजू नीट पाहिल्या आणि त्याच जागी बसली. आता विनता तिच्या डावीकडं होती, बरोबर माशीच्या मागं.