नाक्यावरची विचारपूस

सरकारी नोकरी करून सुखी झालेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे नाकेदार अण्णा. पगारावर खूश, बढतीवर खूश, पेन्शनीवर डोळा ठेवून खूश अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात, ती मी जमेला धरत नाही. अण्णा कामावर खूश होते. सणाची सुट्टी आली की त्यांचा चेहरा उतरायचा. दिवाळीला घरी बसावं लागलं तर उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचे. शेवटी अक्काच, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायच्या, "जावा बरं तुमच्या नाक्यावर. हितं बसून माझ्या कामाचा खोळंबा करायलात." की अण्णा पागोटं चढवून निघालेच.

नाका म्हणजे करोडगिरीचा, जकातीचा नाका. आळंदहून खजुरीच्या पुढं गेलं की त्या वेळी हैदराबाद राज्य संपून मुंबई राज्य लागायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला, पण नाका जागचा हलला नाही. रस्त्यात एक आडवा बांबू, बाजूला पत्र्याची खोली, खोलीत नाकेदार अण्णा आणि मी त्यांचा कारकून. गाडी आली की माल बघायचा, महसूल घ्यायचा, पावती फाडायची आणि बांबू वर करायचा. कुणालाही जमावं असं काम. पण अण्णांनी त्याचं भलतंच करून ठेवलं होतं. ते मालाला हातच लावत नसत. माणसाला खाली उतरवून बाकड्यावर बसवायचे, तांब्याभर पाणी पुढं ठेवायचे आणि विचारायचे, "कुठं चाललाव? कामून?" यातलं 'कुठं' सरकारच्या कामाचं होतं. 'कामून', म्हणजे कशासाठी, हे अण्णांचं स्वतःचं खातं होतं, आणि तिथं गर्दी फार.

लोकसुद्धा काय एकेक असतात. घरच्या माणसाला सांगणार नाहीत ते अण्णांना सांगायचे. निंबर्ग्याची एक म्हातारी गाठोडं घेऊन लेकीकडं निघाली होती. अण्णांनी लेकीचं बाळंतपण विचारलं, जावयाचं विचारलं, मग सहज विचारावं तसं सुनेचं विचारलं. त्याबरोबर म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. सून भांडली होती, ही न सांगता घरातून निघाली होती, आणि लेकीनं काही बोलावलंच नव्हतं. अण्णांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिला खायला घातली आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसवून निंबर्ग्याला परत लावून दिलं. तोवर मागं गाड्यांची ही रांग लागलेली. बैल पाय आपटायलेत, गाडीवाले माझ्या नावानं ओरडायलेत, आणि माझ्या पोटात आगडोंब उसळलेला. त्या नोकरीनं मला पित्त दिलं ते आजतागायत माझ्याजवळ आहे. मी म्हणालो, "अण्णा, वर तक्रार जाईल." तर म्हणतात, "तू पाणी पी. तुझं तोंड बघून बैल भ्यालेत."

बरं, काम बुडत होतं म्हणावं तर तेही नाही. एकदा एक चांगला लठ्ठ गृहस्थ आला. रडवेलं तोंड. म्हणाला, आत्या वारली, मातीला निघालोय, सोडा लवकर. कुणीही सोडलं असतं. मी तर बांबूला हातही घातला होता. अण्णांनी त्याला बसवलं. आत्याला काय झालं होतं, दवा कुणाचा होता, शेवटी काय बोलली, लहानपणी तुला काय करून घालायची, असं एकेक विचारत गेले. अण्णांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते पाणी बघून तो गडी विरघळला. म्हणाला, "अण्णा, पाप लागंल मला. आत्या खडखडीत हाय. तिच्या नातीचं लगीन हाय." आणि सदरा वर करून पोटाला गुंडाळलेली जरीची लुगडी सोडायला लागला. सोडता सोडता गृहस्थ चांगला काटकुळा निघाला. महसूल भरून गेला, आणि येताना आत्याच्या हातचे लाडू अण्णांना देऊन गेला. झडती घेणाऱ्याला कुणी लाडू दिल्याचं तुम्ही ऐकलंय कधी?

आणि मग एके दिवशी नाकेच उठणार असा हुकूम आला. देश एक झाला, आता महसूल कसला? गाडीवाल्यांनी पेढे वाटले. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. अण्णांना तेवढं अन्न गोड लागेना. नोकरी जाणार नव्हती. हैदराबादहून एक साहेब गुलबर्ग्याला येऊन बसले होते. एकेकाला बोलावून कोण कुठल्या खात्यात जायचा ते ठरवत होते. मोटारीतून जाताना अण्णा मला सारखं तेच सांगत होते, "बाजारात टाका म्हणावं, मोटारीच्या ठेसनावर टाका म्हणावं, दवाखान्याच्या दारात बसवा म्हणावं. माणसं पायजेत बाबा मला. कागदात तेवढं घालू नका. मरंन मी." इतकं घाबरलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, नुसतं हेच सांगा, एवढंच, दुसरं काही बोलू नका. त्यांनी शहाण्या पोरासारखी मान हलवली.

एका नाक्याची माणसं एकदमच आत घेत होते, म्हणून मीही बरोबर होतो. साहेब तरुण होते. टेबलावर फायलींचा ढीग, डोळे तांबारलेले. वर न बघता म्हणाले, "बोलो बडे मियाँ, कौनसा काम आता आपको?" झालं. आता सांगायचं होतं. मी अण्णांच्या कोटाची बाही ओढली. पण अण्णांची नजर साहेबांच्या कपावर. "साब, चाय ठंडी हो गई. सुबू से कुछ खाए नै क्या?"

साहेबांनी मान वर केली. असं त्यांना तिथं कुणी विचारलं नसावं. आधी म्हणाले, वेळ कुठंय. मग म्हणाले, भूकच लागत नाही. अण्णांनी विचारलं, कामून. आणि बांध फुटला बघा. रोज माणसं पाया पडतात, रडतात, शिव्या देतात. कुणाची भाकर कुठं टाकायची ते माझ्या हातात, रात्री झोप येत नाही. हैदराबादेत आई एकटी आहे. राज्यच मोडणार म्हणतात, मग उद्या माझीच बदली कुठं होईल ठाऊक नाही. सगळ्यांना जागा देतोय, मला कोण देणार? असं बोलता बोलता साहेबांनी रुमाल काढला. बाहेर रांग खोळंबलेली. शिपाई दोनदा डोकावून गेला. अण्णा पुढं सरकून, मान एका बाजूला करून, अगदी नाक्यावर बसल्यासारखे ऐकत होते.

शेवटी साहेब हसले. हलका झालेला माणूस हसतो तसे हसले. म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला आता आराम मिळाला पाहिजे. आणि मोठ्या प्रेमानं, आपल्या हातानं लिहिलं: दफ्तरखाना, गुलबर्गा. बढतीसह. जुने कागद ठेवायची शांत जागा आहे, डोक्यावर पंखा आहे, कुणी त्रास द्यायला येत नाही, असंही सांगितलं. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "शुक्रिया साब. खाना खा लो."

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "अण्णा, सांगितलं न्हाई कामून? इतकं घोकून घेतलं होतं."

"आरं, त्या लेकरानं किती दिसांनी हसून सही केली आसंल," अण्णा म्हणाले. "ती खोडायला लावू व्हय?"

मला आळंदच्या तहसिलीत जागा मिळाली. पित्ताची सोय तिथंही होती. पुढं राज्यांची वाटणी ठरली, आळंद म्हैसूरकडं गेलं आणि मला मुंबई राज्यात, उमरग्याला जायचं झालं. निघण्याआधी गुलबर्ग्याला जाऊन अण्णांना भेटलो. छतापर्यंत लाल बासनं, मधे एक टेबल, वर पंखा. अण्णा वाळले होते. मला बघून उठले, स्वतः खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं आणि समोर बसले. नाक्यावर सगळ्या मुलखानं आपलं सांगितलं, पण शेजारच्या टेबलावर बसून मी कधी काही सांगितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग मी सांगायला लागलो. उमरग्याचं सांगितलं, आईला गाव सोडवत नाही ते सांगितलं, बायकोचं माहेर आता परराज्यात गेल्याचं सांगितलं. अण्णांच्या तोंडावर हळूहळू रंग चढत गेला. मान एका बाजूला झाली.

कचेरी सुटायची वेळ झाली. शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला. त्याच्याकडं न बघताच अण्णा म्हणाले, "थांब जरा. ह्याचं सांगून व्हायचंय आजून."

माझं सांगून केव्हाच झालं होतं. तरी मी बोलत राहिलो.