हवालदार बाहेरच जेवतात

जयपूरमधल्या राजा पार्कच्या बाजारात त्या वर्षांत कुणाला विचारलं असतं की, मोठ्या मिशीचे मराठी हवालदार राहतात कुठं, तर घर कुणालाच सांगता आलं नसतं. पण या घटकेला ते कुठल्या हॉटेलात जेवत असतील हे पानवाल्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. सकाळी कोपऱ्यावरची कचोरी. दुपारी आणि रात्री हरबंसलालचं भोजनालय. आणि एकादशीला, ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, मोठ्या रस्त्यावरचा बार.

एकादशीला बार, कारण अख्ख्या बाजारात उपासाचं असं काही त्यांना मिळत नसे. साबुदाण्याची खिचडी म्हटलं की वेटर डाळ-तांदळाची आणून ठेवी. बारमध्ये मात्र भाजलेले शेंगदाणे बशी भरून येत, उकडलेला बटाटाही मिळे. भर दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत, चार बाजूंना बाटल्या मांडलेल्या, आणि मधोमध कपाळाला गंध लावून हवालदार सर्जेराव बसलेले. खिशातून सैंधवाची पुडी काढायची, बटाट्यावर भुरभुरायची, लिंबू-सोड्याचा घोट घ्यायचा आणि पुटपुटायचं, "पांडुरंगा." शेजारच्या टेबलावरचे पिणारे ओशाळून पेला खाली ठेवत. बारवाल्यानं पुढंपुढं एकादशीला दुपारपुरतं गाणंच बंद ठेवायला सुरुवात केली.

माणसाला कुणी नसतं, मग तो असा हॉटेलं हिंडतो. सर्जेरावांचं तसं नव्हतं. पोटची लेक दोन गल्ल्या ओलांडल्या की जवाहर नगरात राहत होती. तिच्या चुलीचा धूर, म्हणजे आता गॅस आला होता म्हणून फोडणीचा वास म्हणू या, वारा बरा असला तर त्यांच्या भाड्याच्या खोलीपर्यंत येत होता.

सर्जेराव कागलकडचे. उमर पलटणीत गेली, शेवटची काही वर्षं जयपूरच्या छावणीत. पेन्शन घेऊन गावी गेले, तर दोन पावसाळ्यांत भागुबाई, त्यांची बायको, गेली. एकुलती एक शालन बँकेतल्या नंदकिशोरला दिलेली, आणि जावयाची बदली नेमकी जयपूरला झालेली. ती गावी आली, बापाची ट्रंक स्वतः भरली आणि त्यांना घेऊन आली. स्टेशनवर उतरल्यावर सर्जेराव म्हणाले, "खोली कुठं बघितलीस माझ्यासाठी?"

"खोली? आबा, माझं घर हाय की!"

"तुझं हाय म्हणूनच म्हंतोय."

रीत तुम्हांला ठाऊक असेल. लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. सर्जेरावांकडं तर पाणीसुद्धा नाही. पुष्कळांनी ही रीत केव्हाच पाटावरून उठवून दिली होती. पण भागुबाई मरणाच्या आदल्या साली लेकीकडं आली होती, ती स्वतःच्या दशम्या फडक्यात बांधून. पोरीनं पुरणपोळी रांधली, तिनं तिचा नुसता वास घेतला, आणि वाळलेली दशमी चहाविनाच चावत बसली. ती गेली ती लेकीच्या घरचा घोट न घेता. आता जे तिनं खाल्लं नाही ते आपण एकट्यानं कसं खायचं? हे सर्जेराव कुणाला बोलून दाखवत नसत. ते नुसतं म्हणत, "रीत हाय."

आणि शालनच्या लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता.

रविवारी सर्जेराव लेकीकडं जात. खांद्याला पलटणीतली पाण्याची बाटली. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. शालन आत भाकरी थापी आणि थापण्याचा आवाज मुद्दाम मोठा काढी.

"आबा, पिठलं केलंय. गावच्या जुंधळ्याची भाकरी."

"वास झ्याक येतोय."

"वासानं पोट भरतंय व्हय?"

"अर्धं भरतंय. ऱ्हायलेलं हरबंसलाल भरंल."

मग म्हातारा एकटा कसा जाईल म्हणून नंदकिशोर चपला घाली, नवरा गेला म्हणून शालनही निघे. गरम पिठलं झाकून ठेवून तिघं जण हॉटेलात जाऊन डाळ खात. असं चौथं वर्ष चाललं होतं.

हे सगळं बाजाराला कळलं ते सर्जेरावांच्या सरळपणामुळं. हरबंसलालचा वेटर भंवरलाल, मूळचा दौशाकडचा, त्यानं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "बाबूजी, घर में कोई नहीं?"

"है ना. बेटी है, दामाद है."

"तो फिर?"

हवालदारांनी आपल्या पलटणी हिंदीत सगळं सांगितलं. दुसऱ्या मुलखात हसले असते, पण ही रीत तिकडंही आहे. भंवरलालनं ऐकलं, मान डोलावली आणि त्या दिवसापासून रोटीवर चमचाभर तूप जास्त घालायला लागला. मोती डुंगरीच्या गणपतीला त्यानं शालनच्या नावानं नवसाचा धागा बांधला. आचाऱ्यानं बांधला. कचोरीवाल्यानं बांधला. हरबंसलालही धागा बांधून आला, पण त्यानं मागितलं काय ते सांगेना. एवढं बांधलेलं गिऱ्हाईक सुटावं असं कुठला हॉटेलवाला मागेल?

शालनची मात्र बाजारात जायची चोरी झाली. सांगानेरी चादर घ्यायला गेली तर दुकानदार घडी उलगडता उलगडता म्हणे, "बहनजी, बाबूजी को कब खिला रही हो?" भाजीवाली भाजी तोलता तोलता तिच्या पोटाकडं बघे. एकदा तर बारचा दरवान भर रस्त्यात आडवा आला आणि त्यानं वैद्याचा पत्ता हातात ठेवला. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अवो, मला मूल झालंच तर ते माझं कुठलं? ते राजा पार्कचं हुणार."

आणि मग लग्नसराईतला तो रविवार उजाडला.

तिघं हरबंसलालकडं बसले होते. शालननं त्या दिवशी पनीर मागवलं. पनीर आदल्या दिवसाचं असावं. दोन घास गेले, तिनं तोंडाला पदर लावला आणि मोरीकडं धावली.

भंवरलालच्या हातात चार थाळ्या होत्या. त्या त्यानं जिथं होता तिथं, एका परक्या माणसाच्या टेबलावर ठेवल्या. मोरीतला आवाज त्यानं नीट ऐकला. मग वळून मुदपाकखान्याकडं तोंड करून ओरडला, "हो गया! बाईसा को उलटी हो गई!"

उलटीचा एवढा आनंद जगात कुठं झाला नसेल. आचारी झारा घेऊन बाहेर आला. कचोरीवाला रस्त्यापलीकडून आला. रस्त्यावर एका वरातीचा बँड नवरदेवाची वाट बघत ताटकळत उभा होता, त्याला भंवरलालनं खेचून दारात आणलं, आणि नवरदेव येईपर्यंत वाजवायला आपलं काय जातं म्हणून त्यांनी वाजवायला घेतलं. हरबंसलाल गल्ल्यामागं उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता, डोळे भरले होते. "मेरा तो बेड़ा गर्क हो गया," असं म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं लाडू वाटले.

शालन तोंड पुसत पुसत बाहेर आली. "आबा, ते पनीर—"

ढोल दणकला.

"आवो, पनीर हो! पनीर!"

"पनीर भी खिलाएँगे, बाईसा, सब खिलाएँगे!" भंवरलाल म्हणाला.

नंदकिशोर तिच्या कानाशी वाकला. त्याचे कान लाल झाले होते. "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी तरी शुद्धीवर या की!"

पण तिची नजर बापाकडं गेली आणि तिचे शब्द तिथंच थांबले. पलटणीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, भागुबाईच्या चितेपुढंही ताठ उभा राहिलेला, तो ताटावर पाणी सोडून उठला होता आणि मिशांवरून पाणी टिपत होता. "चल," म्हणाले. "पिठलं हाय न्हवं झाकलेलं? चल, शालन. भूक लागलीया."

पुढं बँड, मागं सर्जेराव, त्यांच्या मागं वेटर, आचारी, बारचा दरवान, अशी ती वरात जवाहर नगरात शिरली. घरोघरचे लोक गच्चीवर आले. दारात सगळ्यांनी नमस्कार केला आणि तेवढ्यात लांबून खऱ्या नवरदेवाची माणसं बँडला शिव्या देत धावत आली, म्हणून गर्दी पांगली.

घरात शांत झालं. सर्जेराव जमिनीवर मांडी घालून बसले. शालननं पिठलं गरम केलं, भाकरी तव्यावर परत शेकली. चार वर्षं ती ज्या घटकेसाठी थापत होती ती समोर आली होती. काही बोलायचं नव्हतं. नुसतं वाढायचं होतं. ताट ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला. सर्जेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, डोळे मिटून क्षणभर भागुबाईचं नाव घेतलं असावं. ओठ हलले.

ते ओठ हलले नसते तर शालन गप्प राहिली असती.

"आबा, थांबा."

घास वाटेत थांबला.

"तसलं काय न्हाई. मला पनीर बाधलंय."

सर्जेरावांनी घास ताटात ठेवला. हात मांडीवर घेतला. बराच वेळ बोटावरचं पिठलं बघत बसले, पण ते चाटलं नाही. नंदकिशोर म्हणाला, "मामा, एवढं झालंच आहे, तर खाऊन टाका आता."

"जावईबापू, फसवून खाल्लं तर ते अन्न अंगी लागत न्हाई." ते उठायला लागले.

शालन दारात आडवी बसली. डोक्यावरचा पदर पडला होता तो सावरलाही नाही. "कुठं निगालासा?"

"रीत हाय, पोरी."

"काय हाय रीत? नीट सांगा. हवालदार हायसा, हुकूम नीट सांगा."

"लेकीच्या घरात लेकरू असल्याबिगर बापानं जेवायचं न्हाई."

"असं. मग ह्या घरात मी कोण हाय?"

"म्हंजे?"

"मी कुणाचं लेकरू हाय? का मला बी हॉटेलातनं आणलंसा? ह्या घरात तुमचं एक लेकरू हाय. सात वर्सं हाय. चार वर्सं ते तव्यापुढं बसून तुमची वाट बघतंय. दुसरं कशाला पायजे?"

सर्जेराव उभेच राहिले. हुकमाचा अर्थ लावायची त्यांना सवय होती. एकेक शब्द ते पुन्हा पारखत होते. घर लेकीचं. बरोबर. घरात लेकरू. समोर बसलंय, रडतंय, नाक पदराला पुसतंय. कुणाचं लेकरू असावं हे त्यांच्या बापानंही सांगितलं नव्हतं आणि आजानंही नाही.

"तुझ्या आईला हे का सुचलं न्हाई?" ते हळूच म्हणाले.

"मला तरी कुठं सुचलं तवा? ती गेली, मग सुचाय लागलं."

सर्जेराव परत मांडी घालून बसले. पहिला घास त्यांनी ताटाबाहेर, आपल्या उजव्या हाताला, कुणीतरी शेजारी बसलेलं असावं तसा काढून ठेवला. दुसरा तोंडात घातला. चावला. शालन बघत होती.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले, आणि तिसरा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हरबंसलालच्या दारात उभे राहिले. भंवरलाल दचकला. "बाबूजी? आप यहाँ?"

हवालदारांनी छाती काढली आणि परेडवर द्यावा तसा आवाज दिला. "सब लोग सुनो! बच्चा-वच्चा कुछ नहीं है. वो तुम्हारा पनीर था. मैं बेटी के घर खाना खा रहा हूँ, मेरी मर्जी से. आज से मेरी बेटी को बाजार में कोई कुछ नहीं पूछेगा. किसी को पूछना है तो मुझे पूछो!"

हरबंसलालनं मान खाली घालून पदार्थांच्या पाटीवरचं पनीर पुसून टाकलं. भंवरलालनं तेवढं विचारलं, "बाईसा ने बनाया क्या था?"

"पिठलं."

"वो क्या होता है?"

सर्जेरावांनी सांगायचा प्रयत्न केला. बेसनाचं म्हणावं तर हा कढी समजला, पातळ नाही म्हणावं तर हलवा. शेवटी ते म्हणाले, "इतवार को घर आ जा. खाके देख."

भंवरलालनं दोन्ही कानांना हात लावले. "राम राम, बाबूजी! मैंने बाईसा के नाम का धागा बाँधा है. मैं तो बड़ा भाई हुआ. बहन के घर कैसे खाऊँ? बच्चा कहाँ हुआ है अभी?"

चार वर्षं ज्या खुर्चीवर हवालदार स्वतः बसत होते ती त्यांनी ओढली आणि भंवरलालला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं. "हे बघ," ते म्हणाले, "हुकूम नीट ऐक."