फिरवलं ना मी?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच कळलेलं बरं.

गोष्ट एका कॅमेऱ्याची आहे — म्हणजे मोबाइलचीच. रायपूरला, पुरानी बस्तीत आम्ही दोघी बहिणी राहतो. ताई सत्तेचाळीसची, मी एकोणचाळीसची, दोघीही बिनलग्नाच्या. मी एका ऑफिसात कारकून आहे, ताई घरी ब्लाउज शिवायची. आणि रविवारी मी चिंध्यांच्या बाहुल्यांचे सिनेमे करते. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. लोक हसतात. हसू देत.

बाहुल्या मला जमायच्या. कॅमेरा जमायचा नाही. पुठ्ठ्याच्या गल्लीतून तो अलगद पुढे जायला हवा होता, पण हाताने सरकवलेला मोबाइल कधी दोन मिलिमीटर जायचा, कधी तीन, आणि पडद्यावर सगळी गल्ली गचके खायची. आठ महिने मी टेबलावर मोजपट्टी चिकटवून डोळे फोडून घेत होते. ताई शेजारी हुक लावत बसलेली असायची. एक दिवस मान वर न करताच म्हणाली, "हातानं काहून ढकलून राहिली वं? मशीन कशाले आहे?"

तिने शिलाई मशीनची सुई काढली. सुईखालच्या दात्यांवर कॅनव्हासची लांब पट्टी दाबून बसवली आणि पट्टीचं टोक मोबाइलच्या फळीला बांधलं. फळी ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या लोखंडी चॅनलवर. चाकाचा एक फेरा दिला की पट्टी एक टाका पुढे ओढली जाणार — एक टाका, एक फोटो. सुरुवातीला टाका बारीक ठेवायचा, मधे हळूहळू मोठा करायचा, थांबताना पुन्हा बारीक. गाडी स्टेशनातून सुटते ना, तसं. दर फेऱ्याला ती खडूने टेबलावर एक रेघ ओढायची. पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा गल्ली अशी काही सरकत आली की मी रडले. आनंदाने? हो, आनंदानेच. तेवढं तरी खरं आहे.

मग इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तो सिनेमा दाखवला. बाहुल्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांचे डोळे मी मोहरीचे केले होते, एकेक दाणा चिमट्याने बसवून — कुणाला दिसले? जो तो एकच विचारत होता, कॅमेरा कोणी चालवला? मी हसून ताईकडे बोट दाखवत राहिले. हसून हसून गाल दुखतात हे मला त्या दिवशी कळलं.

विचारणाऱ्यांत सुधाकरराव होते. भिलाईला एका कारखान्यात फिटर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. पुढच्याच आठवड्यात ते मशीन बघायला घरी आले, तासभर चाक फिरवत बसले आणि ताईला म्हणाले, "दीदी, हे आमच्या इंजिनिअरले नसतं सुचलं." चारच दिवसांत शेजारच्या काकूंकरवी विचारणा आली. "दीदी म्हणून म्हणते माणूस, अन् मागणी घालते," म्हणून ताई किती हसली! विचार करून सांगते, म्हणाली. आणि त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी तिने स्वतःसाठी ब्लाउज बेतला. अबोली रंगाचा. मी बघत होते.

आता आईबद्दल सांगायला हवं — टाळत होते मी. आई गेली त्याआधी सहा वर्षं ती सगळं विसरत गेली. आधी गॅस. मग रस्ता. मग आम्ही. तिची आंघोळ, तिचा घास, तिची ओली लुगडी, सगळं ताईने केलं. मला ऑफिस होतं. ताई कशालाच घाबरत नाही, फक्त एका गोष्टीला घाबरते — आपलंही आईसारखं झालं तर? हे तिने एकदाच, आईच्या दिवसांत, मला सांगितलं होतं. फक्त मला.

तर एका रविवारी पुढच्या सिनेमाचं शूटिंग चालू असताना दारात गिऱ्हाईक आलं. ताई उठली. मी हात लांब केला आणि चाकाला दोन फेरे दिले. एवढंच. टेबलावर रेघा बरोबर, फोटो बरोबर, आणि पडद्यावर नेमकी तिथे गल्ली अंगावर धावून आली. ताईने तीनतीनदा रेघा मोजल्या. मी म्हटलं, "दारातून येऊन पुन्हा फिरवलं असशील, ताई. लक्षात नाही तुझ्या."

"मी तं एकदाच फिरवलं होतं न वं," ती म्हणाली.

त्यानंतर मला हातसुद्धा लावावा लागला नाही. दर फोटोआधी ती मलाच विचारायला लागली, "बेबी, फिरवलं ना मी?" पाच वेळा मी हो म्हणायची. सहाव्यांदा म्हणायची, "नाही, कुठे?" मग ती पुन्हा फिरवायची. हातात खडू, समोर तिने स्वतः ओढलेली रेघ — आणि ती रेघ पुसून टाकायची. माझा शब्द खरा, तिची रेघ खोटी. असे पाच रविवार. रागाच्या भरात झालं म्हणावं, तर राग पाच रविवार टिकतो का? आणि मला मजा येत होती. शब्द शोधून पाहिला, दुसरा सापडत नाही. तिचा चेहरा उतरायचा आणि मला आत कुठेतरी बरं वाटायचं.

ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली. काही नाही म्हणाले, असं सांगताना जरा हसली. मी म्हटलं, "सुरुवातीला त्यांना कळत नाही गं. आईचं कुठे कळलं होतं?"

सुधाकररावांना तिने स्वतः फोन केला. मी शेजारीच बटणं निवडत होते. नाही म्हणाली, कारण सांगितलं नाही. फोन ठेवून मला म्हणाली, "त्या भल्या माणसाले काय सांगू? का माह्या आंघोळी घालाले चल म्हणून?" अबोली ब्लाउज तिने उसवून ठेवला. मापं चुकतील म्हणून बाहेरचं शिवणही बंद केलं. सिनेमा मात्र पुरा झाला. राहिलेल्या फोटोंना मी प्रत्येक वेळी खरं उत्तर दिलं, आणि शेवटचं दृश्य असं सरकलं की मंडळात माझा नारळ देऊन सत्कार झाला. ताई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

तुम्हाला वाटेल, तेव्हाच सांगून का नाही टाकलं? सांगता आलं असतं. रोजच येतं. ती काही विसरत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप आजही अचूक सांगते. पण डब्यांवर चिठ्ठ्या लावते, कुलूप चारदा ओढून बघते, आणि मग माझ्याकडे बघते.

काल दुपारी आम्ही दोघी सदर बाजारला निघालो होतो. पायात चपला घालता घालता ती थांबली. "बेबी, गॅस बंद केला ना मी?"

केला होता. मी तिथेच उभी होते, तिला बंद करताना पाहिलं होतं. मी म्हटलं, "थांब, बघून येते." आत गेले. बटण बंदच होतं. मी ते उघडलं आणि पुन्हा बंद केलं — टक् आवाज बाहेर ऐकू जाईल असं.

बाहेर आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "तू आहे म्हणून बरं आहे वं."